मांडीवरची बंदूक

“हॅलो? … कोण? सुकरी? … सुकरे, तू काही बोलू नको. आधी मले बोलू दे. कालपासून या जंगलात हत्याराचं राज्य संपलं! … हाव, संपलं! तुझ्या भावानं संपवलं. भर मांडवात, माईकवर, मोठ्या साहेबाच्या बाजूले उभं राहून! … किती म्हणजे? … बंदुका किती जमा केल्या म्हणजे… एक. … हाव, एकच. आपलीच. … अवं, गावात एकच होती तं एकच देईन ना! का आता शेजारच्या गावातून उसनी आणू?”

पोचू मडावी हे जाहीर करत होता ते आपल्या धानाच्या बांधीतल्या, म्हणजे भातखाचरातल्या, मचाणीवरून. भामरागडच्या पुढे, नदी ओलांडून गेलं की त्याचं गाव. आणि गावाला रेंज दोनच ठिकाणी. एक मसणवटीतल्या मोहाखाली, दुसरी या मचाणीवर. मोहाखाली उभा राहिलेला माणूस आपोआप थोडक्यात बोलतो. ज्याला लांबण लावायची असते तो मचाणीवर येतो आणि पोचूला विचारून वर चढतो. आज पोचू स्वतःच वर होता, दुपारचं जेवण झालं होतं, हलका धान पिवळा पडत होता, आणि त्याला भरपूर लांबण लावायची होती.

सुकरी ही त्याची धाकटी बहीण, अहेरीला दिलेली. अहेरीला गेल्यापासून तिचा एक नियम होता: माया आली की माडियात बोलायचं, राग आला की मराठीत. आज ती पहिल्या शब्दापासून मराठीत होती. एरवी पोचूनं तेवढ्यावरून ओळखलं असतं. पण त्याच्या कानांत अजून कालच्या टाळ्या होत्या.

“हाव… हाव… अवं ऐक ना! पोलीस मदत केंद्रासमोर मांडव टाकला होता. एक टेबल, त्याच्यावर पांढरी चादर, आणि चादरीवर आजूबाजूच्या साऱ्या गावातल्या भरमार बंदुका. बाजारात वांगे मांडते ना, तशा. लहान, लांब, वाकड्या. एकीचा दस्ता तं कुदळीचा होता! … नाई, आपली चांगली दिसे त्याच्यात. मी रात्री तेल लावून दिलं होतं. … एक पेपरवाला आला, मले विचारते, ‘ही चालते का?’ मी म्हणलं, उन्हाळ्यात चालते. पावसाळ्यात बारूद ओली होते. हिवाळ्यात तिची मर्जी. … तो हसला, सुकरे. साहेब पण हसला. … मग शाल दिली. नारळ दिला. आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. … नाई, सेल नाई त्याच्यात. … अवं, घड्याळाले काय करायचं, मान पाहा ना!

“… काय? … मले कोणी सांगितलं होतं द्याले? … हे पाहा, मी एकट्याच्या मनानं नाई दिली. ग्रामसभा झाली. अशी झाली, का तसा वाद गावानं जन्मात पाहिला नाई. … सांगतो ना. थांब, सांगतो.”

सांगण्याआधी एक गोष्ट सांगणाऱ्याला आणि ऐकणारीला ठाऊक होती, ती वाचणाऱ्यालाही ठाऊक असलेली बरी. भरमार म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद आणि छर्रे ठासून भरायची बंदूक. ती एक असली तरी तीन घरांत राहायची. नळी आणि दस्ता पोचूच्या घरी, बारूद पत्रूच्या घरी, आणि छर्रे इतवारीबाईच्या घरी. हा कायदा पोचूच्या बापानं केला, ज्या वर्षी पारधीत छर्रा लागून इतवारीच्या नवऱ्याचा डोळा गेला त्या वर्षी. तिन्ही घरं एकाच दिवशी एकाच मताची झाली तर गोळी सुटायची. त्यात इतवारीबाईचं घर सगळ्यात अवघड. छर्रे मागायला गेलेल्याला ती दारातच विचारायची, कोणतं जनावर, कोणाच्या बांधीत, मारणार कोण; आणि मग पुढे होऊन त्याचं तोंड हुंगायची. मोहाच्या दारूचा वास आला की छर्रे नाहीत. त्या भागातली बरीच डुकरं म्हातारपणानं मेली ती या कायद्यामुळे.

“… तं पत्रू उभा राहिला. म्हणे, देऊन टाकायची काही गरज नाई, आपण लायसन काढू. म्हणे, नोंद झाली का बंदूक पण माणसात येते. … हाव, पत्रूच. त्याले कोण बोलू देत नाई घरी, तो सभेत बोलते. … मग विनोद उठला. तो मोबाइलवर पाहून आला होता. म्हणे अमेरिकेत पण हाच वाद चालू हाये. धडधड गोळ्या सुटते ना, पाहिली तू पिक्चरमध्ये? तशा बंदुका लोक घरी ठेवते म्हणे. त्या बंद करायच्या का त्याची नोंद करायची, याच्यावर तिकडे बसून भांडून राह्यले. मी म्हणलं, घ्या! आपलं गाव अमेरिकेच्या पंगतीत बसलं. … अवं, मग विनोद म्हणे का बंदी घालायची तं त्या धडधडवाल्यावर घाला. आपली एक गोळी भरून होईपर्यंत डुक्कर जेवून, आंचवून, लेकरं घेऊन घरी जाते. आपलीवर काऊन बंदी? … टाळ्या पडल्या ना! मी पण वाजवल्या.

“… थांब! थांब जरासा… हॅड! हॅड! हट्!”

मचाणीला बांधलेला तेलाचा रिकामा डबा त्यानं काठीनं बडवला. बांधीच्या कडेला धान हलला, थोडा थांबला, आणि पुन्हा सावकाश हलू लागला.

“… डुक्कर. … हाव, भर दुपारी! पहिले अंधार पडल्याशिवाय येत नव्हते. काल बंदूक गेली आणि आज दुपारचे आले. त्याहिले कोणी सांगितलं, मले तं समजत नाई. … बरं, कुठी होतो मी? … इतवारी. ते इतका वेळ चूप होती. मग बसल्या जागेवरून म्हणे, ‘बंदूक लहान असो का मोठी, डोळा तेवढाच असते.’ … बस, एवढंच. … साऱ्यांनी माना वळवल्या, सुकरे. तिचा बुढा बाजूलेच बसून होता.

“तरी पत्रू म्हणे लायसन, लायसन. मग विनोदनं वाचून दाखवलं. लायसन एकाच्या नावानं निघते. झालं! तीन घरं, एक बंदूक, नाव कोणाचं? पत्रू म्हणे माझं, माझ्या बारुदीशिवाय तो नुसता पाइप हाये. इतवारीची सून म्हणे मग छर्रे काय तुम्ही घरून फुंकणार? … असं करता करता ते दोघं हातघाईवर आले. बंदूक नसतानी! मी म्हणलं, पाहा, नुसत्या नावावर एवढं होते तं देऊनच टाका. … तं अशी दिली.

“… हं? … पेपर? … आला का तिकडे? काय सांगतेस! फोटो हाये माझा? … शाल दिसते? … मग काऊन ओरडून राह्यली? … खाली काय लिहिलं? … वाच ना, वाच.”

पोचू मचाणीवर सरळ होऊन बसला. फोटो काढताना माणूस बसतो तसा.

“… ‘लोकेश’… हाव… ‘लोकेश याची भरमार बंदूक पोलिसांकडे जमा’. … मग? … अवं, बरोबर लिहिलं त्यानं! मी म्हणलं तसंच लिहिलं. … मग कोणाची हाये? लोकेशचीच हाये ना! सांग तू, तुझ्या लेकाची हाये का नाई?”

होती. गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. लेकीला त्या गावात बांधीतला वाटा मिळत नसे. पण लेकीचं पहिलं लेकरू आजोळी आलं की आजोबा त्याच्या मांडीवर एक वस्तू ठेवी, आणि ठेवली की ती वस्तू त्या लेकराची. कोणी पितळी गंज ठेवला, कोणी बकरी ठेवली. पोचूच्या बापाकडे ठेवण्यासारखी एकच वस्तू होती. त्यानं सुकरीच्या लेकराच्या मांडीवर बंदूक आडवी ठेवली. लेकरू असं भेदरून रडलं की बारशाला आलेले निम्मे लोक बाहेर गेले. पण दिलं ते दिलं. तेव्हापासून बंदूक पोचूच्या घरी टांगलेली असली तरी ती लोकेशची. सुकरीला माहेरातून मिळालेलं सगळं काही तेवढंच होतं.

“… हाव, मीच सांगितलं माईकवर. साहेबानं विचारलं ना, ‘भाऊ, ही बंदूक कोणाची?’ आता एवढ्या लोकात, वरून आपले सारे गेलेले ऐकून राह्यले, माझी म्हणू? खोटं बोलू? … मी म्हणलं, ‘माझ्या भाच्याची, लोकेशची.’ … अवं, पण त्याच्यापुढे अजून होतं! दोन वाक्यं होते माझे. आठ दिवस बैलांसमोर पाठ करून राह्यलो होतो. एक, ‘बंदूक माझ्या भाच्याची हाये.’ दोन, ‘आणि भाचा पोलिसात चालला.’ पहिलं बोललो न बोललो तं टाळ्या! साहेबानं पण वाजवल्या. आणि त्या टाळ्यांत त्या शिपायानं माईक घेऊन घेतला. … मी मागितला ना! मले वाटलं परत देईन. त्यानं नारळ दिला.

“… काय झालं मग? एवढं काय झालं? … कोण आलं होतं घरी? … चारित्र्य पडताळणीवाले? … केव्हा? … आज. … हाव, भरतीचं. … पेपर घेऊनच आले? … आणि?”

लोकेश पोलीस भरतीत निवडला गेला होता. त्यासाठी तो पहाटेच्या धुक्यात आलापल्लीच्या रस्त्यावर धावला होता, कुत्र्यांच्या पुढे आणि ट्रकांच्या मागे. त्यासाठी सुकरीनं घरातली अंडी विकायची सोडून त्याच्या ताटात घातली होती. लेखी झाली, मैदानी झाली, डॉक्टरांनी छाती मोजली. राहिली होती एवढीच पडताळणी: या मुलावर काही गुन्हा आहे का, घरात काही हत्यार आहे का.

“… हं. … हं. … फाइल बंद केली? … बंद नाई, बाजूले ठेवली. … बाजूले म्हणजे किती बाजूले, सुकरे? … ‘पाहू’ म्हणाले? … ‘पाहू’ वाईट असते. हाव, मले पण माहीत हाये.

“… पण गुन्हा नाई ना! स्वतःहून दिली त्याच्यावर केस नाई, असं साहेबानंच माईकवर सांगितलं. … केस नाई, पण नाव हाये. … हाव. नाव तं हाये. … फोटोसंग हाये.

“… शकुबाई? तुझी शेजारीण? ते काय म्हणे? … ‘तुमचा लोकेश शरण कधी आला?’ … काय? … मोबाइलवर फिरून राह्यलं? … आणि? … प्लॉट? कोणता प्लॉट? … शरण आलेल्या नक्षलवाद्याले मिळते तो? … तुमचा किती नंबरचा म्हणून विचारलं तिनं? … शकुबाईले म्हणा तुम्ही… नाई, काही नको म्हणू. मीच काही नाई म्हणत.

“… नाई. … नाई, मी ऐकून राह्यलो.”

वाऱ्यानं धान एका बाजूला झुकला आणि उठला. पोचूनं काठी हातात घेतली होती, ती डब्यावर मारायचं त्याला सुचलं नाही.

“… सुकरे, त्या टाळ्या काऊन वाजवल्या असतीन त्यांनी? मी काय म्हणलं होतं वाजवा म्हणून? एक वाक्य थांबले असते तं काय… हाव. … हाव, चूक त्यांची नाई. मले माहीत हाये कोणाची हाये.

“… बाबा ती बंदूक खांद्यावर घेऊन चालला तं लोक बाजूले होत. मी जन्मभर ती खुंटीवरून काढली, पुसली आणि खुंटीवर ठेवली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाई कधी. काल पाहिलं. मले ते आवडलं, बाई. आवडलं म्हणून जास्तीचं बोललो. ‘घ्या साहेब’ म्हणून टेबलावर ठेवली असती आणि खाली उतरलो असतो तं… पण मले भाच्याचं नाव माईकवर घ्यायचं होतं. ‘माझा भाचा पोलिसात चालला’ असं साऱ्या मांडवाले ऐकवायचं होतं. … आता ऐकलं साऱ्यांनी.

“… लोकेश काय म्हणाला? … काही नाई? … त्या पडताळणीवाल्या साहेबानं त्याले सरळ विचारलं, ‘ही बंदूक तुझी का?’ … आणि तो उभाच राहिला? … ‘नाई’ म्हणाला नाई? … अवं, एक ‘नाई’ म्हणायले काय लागते! त्यानं तं जन्मात उडवली नाई ती. एकदा पारधीले नेला तं कानावर हात ठेवून झाडामागं बसला होता. डुक्कर त्याच्या बाजूनं आलं तं यानं सरकून त्याले वाट दिली! … हसू नको… नाई, हास. हास जरासा. … असा पोट्टा, आणि त्याले सरकारची बंदूक पाहिजे तं आजोबाची आडवी आली. … काऊन ‘नाई’ म्हणाला नाई? विचारलं नाई तू? … काय म्हणे? …

“… हाव. … हाव, आजोबानं मांडीवर ठेवली होती. … समजलं मले. नको सांगू पुन्हा.

“… थांब. जरा विचार करू दे. काही ना काही निघन. … पत्रूची म्हणू? बारूद त्याची होतीच. … हाव, त्याचाही पोट्टा हाये, पियुष. तो पण धावून राह्यला भरतीले. खरं हाये, त्याच्या गळ्यात कशी घालू. … इतवारीची? नाई नाई. ते मले जिवंत ठेवणार नाई, आणि बरोबर करन. … बाबाची म्हणतो! बाबा जाऊन इतके पावसाळे झाले, त्याची काय पडताळणी करन कोणी? … तू विचारलं? … मालक जिवंत पाहिजे म्हणाले? … मेलेला माणूस जमा कसा करन. हाव, तेही खरं. … साऱ्या गावाची म्हणलं तं? … ते तं मी माईकच्या आधीच म्हणून पाहिलं होतं, सुकरे. शिपाई म्हणे, भाऊ, गावाले अंगठा नसते. एका माणसाचं नाव सांगा.

“… मग राहिलं कोण? … हं. … हाव, मीच राहिलो.”

तिकडून सुकरी काहीतरी लांब बोलत होती. पोचू मान हलवत होता. फोनमध्ये मान दिसत नाही हे त्याला माहीत होतं, तरी हलवत होता.

“… हाव. … हाव. जातो ना. उद्याच जातो. सकाळी नदीवरून डोंगा निघते, पत्रूले संग घेतो. साहेबाले म्हणतो, बंदूक लोकेशची नाई, माझी हाये. मी कालच्या दिवशी चुकीचं बोललो. … म्हातारा हाये, घाबरलो, असं म्हणू? … नाई, घाबरलो नको. ‘चुकीचं बोललो’ बरं हाये. … सोपं हाये म्हणते तू. … बोलायले सोपंच हाये, बाई.

“… हळूच सांगून येऊ? ते नाई होत. बयान बदलायचं म्हणजे साहेबाले गावातले पंच लागते. आणि पंचात पहिलं नाव गायत्याचं. तो माझ्या बाजूलेच उभा राहीन. त्याच्यासमोर मले म्हणावं लागन, लोकेशची नाई. … हाव. … तेच म्हणून राह्यलो मी.

“… तुले माहीत हाये ना त्याच्यानंतर काय असते ते? … माहीत हाये. … माहीत असून म्हणून राह्यली तू.”

गायता म्हणजे गावाचा पुजारी, आणि गावाचे जुने कायदे त्याच्याच तोंडी होते. त्यातला हा एक: मांडीवर ठेवलेली वस्तू मामानं आपली म्हटली, तर ती परत घेतल्यासारखी, आणि परत घेतली, तर बहिणीनं भावाच्या चुलीवरचं नवं धान खायचं नाही. भांडण नसलं तरी नाही. नव्याच्या पंडुमला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, गावातल्या सगळ्या लेकी परत येत. जीपनं, डोंग्यानं, उरलेलं पायी. सुकरी एकदाही चुकली नव्हती. पूर आला त्या वर्षी ती नदीच्या पलीकडच्या काठावर उभी राहिली होती, आणि पोचूनं नवा भात पळसाच्या पानात बांधून डोंग्यानं तिकडे पाठवला होता. ती तिथेच वाळूत बसून जेवली आणि परत गेली.

“… हॅलो? … हॅलो? … हाये ना तू? … मले वाटलं लाइन गेली.”

लाइन गेली नव्हती. सुकरी बोलू लागली होती, पण आता माडियात. हळू, तुटक, लहानपणी एकाच घोंगडीखाली झोपताना बोलायची तशी. पोचूनं मग मराठी सोडली. त्याचं बोलणं इथं मराठीत दिलं आहे ते सोयीसाठी.

“… नाई, रडू नको. … मी? मी कुठी रडून राह्यलो! वारा हाये इथी. मचाणीवर वारा असतेच. … हाव, तुझंच बरोबर हाये. पोराचं जन्माचं होते, आपलं काय, एका जेवणाचं हाये. … एकाच नाई, दरवर्षीचं. पण जेवणाचंच ना. … नाई, कायमचं नाई. लोकेशचं लेकरू झालं का त्याच्या मांडीवर मी दुसरं काही ठेवीन, मग तुझ्यासाठी चूल उघडते. गायता म्हणन त्या दिवशी उघडते. … त्याले म्हणा नोकरी लागली का लवकर लग्न कर. मामा काही तेवढा तरणा नाई. … काय ठेवीन? … घड्याळ ठेवतो ना! नवं हाये. … हाव, सेल टाकून ठेवीन.

“… नाई, शाल परत नाई देत. ते मागतीन तं देईन. … मागणार नाई.

“… मले एक सांग, बाबा काय म्हणाला असता? … हं. … ‘बंदुकीपेक्षा माणूस लांब जाते’? असं म्हणाला असता? … म्हणाला असता. नाहीतर मले दोन शिव्या दिल्या असत्या आणि तुले म्हणाला असता, बरोबर केलं. दोन्ही एकदमच म्हणाला असता.

“… सुकरे, एक गोष्ट मले राहून राहून वाटते. बंद करायचं होतं, बंद झालं. त्याचं मले दुःख नाई. इतवारीच्या बुढ्याकडे पाहिलं का दुःख वाटत पण नाई. पण बंदूक गेली तेवढी जाऊ द्यायची होती. तिच्यासंग तुले पण देऊन बसलो. … नाई, मले बोलू दे. एवढं बोलू दे. … झालं. बोललो.

“… हाव, पत्रूले आज संध्याकाळीच सांगतो. … कमळाले, तुझ्या वहिनीले, मी सांगीन, तू नको फोन करू. तिले माझ्याच तोंडून ऐकू दे. … हाव. … साहेबानं काय म्हणलं ते तुले उद्या सांगतो. फाइल पुढं सरकली का नाई ते तू सांग. … लोकेशले म्हणा, मामा आला होता साहेबाकडे, आता कोणी विचारलं तं तोंड उघड. ‘नाई’ म्हण. मोठ्यानं म्हण. बाबाले राग नाई येणार. … येईन, पण तो माझ्यावर येईन. मी पाहून घेईन.

“… फोन टुकटुक करून राह्यला. चार्जिंग संपली. … नाई, हाये अजून थोडी.

“… मग यंदा तू येत नाई. … हाव. … हाव, समजलं. … नाई, मी काही म्हणत नाई.

“… सुकरे, एक काम होतं. … मोठं नाई. … नव्या भातासंग ते बांबूच्या कोंबांची, वास्त्यांची भाजी तूच करते ना दरवर्षी. कमळा करते तं कडू होते. … तिले नको सांगू मी असं म्हणलं म्हणून. … ते कोवळे वास्ते उकळून त्याचं पाणी तू किती खेपा फेकते, तेवढं सांगून ठेव.”